'मोलाची साथ'

(एका वाचनालयाच्या मासिक बैठकीत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समाजकार्यात आयुष्य वेचलेल्या एखाद्या कार्यकर्त्याचा गौरवग्रंथ उघडला की त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. बालपणीचे दारिद्र्य, शिक्षणासाठीची वणवण, एखाद्या थोर व्यक्तीचा सहवास, संस्थेची स्थापना, आरंभीची अवहेलना आणि अखेर मानसन्मान. या सर्वांच्या शेवटी, छायाचित्रांच्या पानांच्या अलीकडे, एक वाक्य हमखास सापडते : 'या संपूर्ण वाटचालीत त्यांना त्यांच्या सहधर्मचारिणीची मोलाची साथ लाभली.' वाक्य खोटे नसते. परंतु ते मोल किती होते, कोणत्या नाण्यात मोजले गेले आणि ते देणाऱ्याला आधी कोणी विचारले होते काय, या प्रश्नांची उत्तरे गौरवग्रंथात नसतात. ती शोधायची तर त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाने लिहिलेले पुस्तक हाती घ्यावे लागते. मराठी वाचकाचे भाग्य असे की अशी पुस्तके आपल्या भाषेत आहेत आणि उत्तम आहेत. त्यांतली काही एका मागोमाग एक वाचली म्हणजे जे चित्र उभे राहते, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

एकाच घराची तीन आत्मकथने उपलब्ध असावीत, हे भाग्य फार थोड्या घरांना लाभते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे घर त्यांपैकी एक. अण्णांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांची मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ मध्ये आली, आणि पत्नी आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया, यांचे 'माझे पुराण' १९४४ मध्ये. अण्णांच्या पुस्तकानंतर बायांचे पुस्तक यायला एकोणतीस वर्षे लागली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

'आत्मवृत्त' हे मराठीतले एक विलक्षण संयमी पुस्तक आहे. कोठे आवेश नाही, कोठे स्वतःची थोरवी नाही. सतराव्या वर्षी परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत भर पावसात, डोंगरवाटांनी पायी केलेला प्रवास, आणि इतके चालून गेल्यावर 'वय लहान दिसते' म्हणून परीक्षेला बसू न देणारी समिती, हा प्रसंग दुसऱ्या कोणी लिहिला असता तर त्यात अश्रूंचा पूर आला असता. अण्णा तो हिशेबाच्या वहीतील नोंदीसारखा लिहितात. गणिताच्या अध्यापकाला शोभेल असाच हा गद्याचा ताळेबंद आहे. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी आपल्या मित्राच्या, नरहरपंत जोशी यांच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी, विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी बहिष्कार घातला आणि त्याची झळ घरच्यांनाही पोहोचली. पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०० मध्ये आश्रमाचे हिंगण्यास स्थलांतर, १९०७ मध्ये महिला विद्यालय, १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ झाले आणि १९५८ मध्ये 'भारतरत्न'. हा आलेख सर्वांना परिचित आहे.

आता 'माझे पुराण' उघडावे. नावापासूनच फरक जाणवतो. 'आत्मवृत्त' हा शब्द भारदस्त, स्थिर. 'पुराण' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ : देवळात ऐकायचे ते, आणि 'पुरे झाले तुझे पुराण' असे म्हणून थांबवायचे ते. बायांनी दुसरा अर्थ मनात धरूनच हे नाव ठेवले असावे, असे पुस्तक वाचताना वाटत राहते. स्नुषा कावेरीबाईंनी या आठवणींचे संपादन केले. त्यामुळे भाषा फारशी घासूनपुसून घेतलेली नाही. स्वयंपाकघरात बसून एखादी वडीलधारी बाई बोलत असावी, तशी ती वाहते.

गोदूचे पहिले लग्न आठव्या वर्षी झाले आणि लग्न म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच काही महिन्यांत ती विधवा झाली. सासरी वर्षानुवर्षे राबल्यानंतर भाऊ नरहरपंतांनी तिला मुंबईस नेले आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात ती पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. तेथून पुढचा पुनर्विवाह हा सुधारणेच्या इतिहासातला एक सोनेरी प्रसंग म्हणून आपण शाळेत वाचतो. बायांच्या दृष्टीने मात्र तो प्रसंग म्हणजे एका संसाराची सुरुवात होती. त्यात सावत्र मुलगा होता, नंतर स्वतःची मुले झाली, आश्रयाला आलेली माणसे होती, आणि पैशाची सदैव चणचण होती.

या पुस्तकातील एक गोष्ट वाचकाला थबकवते. आश्रम विधवांसाठी होता. त्याला समाजाची सहानुभूती मिळावी, सनातनी घरांनीही मुली पाठवाव्यात, म्हणून पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रम यांच्यात अण्णांनी जाणूनबुजून अंतर ठेवले. संस्था उभारणारा कोणीही शहाणा माणूस असेच करील. नाहीतर संस्था पहिल्याच वर्षी बुडाली असती. परंतु या धोरणाचा एक परिणाम असा झाला की पुनर्विवाहित स्त्रीने आश्रमात राहणे बसेना. म्हणजे विधवांसाठी काढलेल्या आश्रमाच्या संस्थापकाची पत्नी, जी स्वतः विधवा होती, तीच तेथे परकी ठरली. तिने पुण्यात मुलांना घेऊन राहायचे, आणि अण्णांनी दिवसभर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून संध्याकाळी चिखल तुडवीत हिंगण्यास चालत जायचे. महर्षींच्या त्या पायपिटीचे वर्णन प्रत्येक चरित्रात आहे. ते पुण्याहून निघाल्यावर मागे उरलेल्या घरातली संध्याकाळ मात्र केवळ बायांच्या पुस्तकात आहे.

अण्णांचा दोष काढण्यासाठी हे सांगण्याचे कारण नाही. बायांनीही तसे केलेले नाही. त्या रागावतात, रुसतात, स्पष्ट बोलतात, आणि त्याच आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा करावयास जातात. नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतात, म्हणजे चार पैसे हातात राहतील. अण्णांनी जवळची शिल्लक आश्रमाला दिली, आणि आपल्या मागे कुटुंबाला आधार राहावा म्हणून उतरविलेला विमाही अखेर संस्थेकडेच वळविला. 'आत्मवृत्ता'त हा त्यागाचा विषय आहे. 'पुराणा'त तो मुलांच्या पोटाचा विषय आहे. दोन्ही खरे आहेत, आणि त्यांतले एकच वाचले तर सत्य अर्धे राहते.

तिसरे पुस्तक या बायांच्या धाकट्या बहिणीचे. पार्वतीबाई विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी एक मुलगा होता. त्या बहिणीच्या घरी शिकायला आल्या आणि पुनर्विवाह न करता आयुष्यभर आश्रमाच्या होऊन राहिल्या. केशवपन केलेल्या अवस्थेत गावोगाव हिंडून त्यांनी आश्रमासाठी निधी जमविला. केस राखण्याचा निर्णय पुष्कळ पुढचा, तोही बराच विचार करून घेतलेला. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी जेमतेम येत असताना ही बाई एकटी अमेरिकेस गेली. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली आणि १९२० मध्ये परतली. आज विमानतळावर निरोप द्यायला पंधरा माणसे जातात, तेव्हा हा प्रसंग आठवावा.

दोन सख्ख्या बहिणी, दोघी बालपणी वा तारुण्यात विधवा झालेल्या. एकीने पुनर्विवाह केला, दुसरीने केला नाही. आणि जिने केला नाही तिला आश्रमाचे दार अधिक सहज उघडे होते. कादंबरीकाराने हे रचले असते तर समीक्षक म्हणाले असते, योजना फार कृत्रिम आहे. तिन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याला मात्र येथे कोणीही खलनायक दिसत नाही. एका बाजूला काळाचा रेटा आहे, दुसऱ्या बाजूला एक मोठे काम आहे, आणि मधल्या जागेत चार माणसे आपापल्या परीने प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न करीत आहेत.

महर्षींच्या दुसऱ्या स्नुषा इरावतीबाई कर्वे यांनीही सासऱ्यांविषयी लिहिले आहे. त्यांच्या लेखनातली आदराची आणि चिकित्सेची सरमिसळ पाहिली की वाटते, या घरात एकमेकांकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची सवयच असावी. सर्व घरांत ती नसते.

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये आल्या, न्यायमूर्ती जाऊन नऊ वर्षे झाल्यावर. येथे सूर अगदी निराळा आहे. रमाबाईंच्या लेखी पती हे दैवत आहे आणि पुस्तक ही पूजा. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली ही मुलगी तिशी ओलांडलेल्या पतीकडून अक्षरे गिरवायला शिकली. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिक्षण म्हणजे घराण्याला लागलेला कलंक वाटे. दिवसा त्यांच्या टोमण्यांत काम करायचे, रात्री पतीपाशी धडा म्हणून दाखवायचा. मुलींच्या हायस्कुलासाठी सभेत इंग्रजी निवेदन वाचून आल्यावर घरात त्यांचे जे स्वागत झाले, ते वाचताना आजही अंगावर शहारा येतो. त्यांची तक्रार कोठेच नाही. मात्र नीट वाचणाऱ्याला एक गोष्ट दिसते. सुधारणेचा निर्णय न्यायमूर्तींचा होता. त्या निर्णयाची किंमत माजघरात चुकवायची होती आणि माजघरात न्यायमूर्ती बसत नसत. १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण आणि त्यासाठी १८९२ मध्ये न्यायमूर्तींनी घेतलेले प्रायश्चित्त यांनी मनाला झालेला त्रासही त्यांनी पूर्णपणे झाकलेला नाही. दैवतावर श्रद्धा ठेवूनही डोळे मिटून घेता येत नाहीत, याचा हा पुरावा.

येथे एक विचार सहज मनात येतो. 'आठवणी', 'पुराण', 'कहाणी' ही शीर्षके किती विनम्र आहेत! लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३७) हीदेखील नुसती चित्रेच. 'चरित्र' हा शब्द या स्त्रियांनी पुरुषांसाठी राखून ठेवला. लक्ष्मीबाईंचा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. आपल्याला न विचारता पतीने १८९५ मध्ये धर्मांतर केले त्या वेळी झालेली तगमग, नंतरच्या ताटातुटीची वर्षे, आणि १९०० मध्ये स्वतः घेतलेला निर्णय. त्या निर्णयाशी सहमत नसणाऱ्या वाचकालाही त्यांच्या लेखनातला निर्मळपणा मान्य करावा लागतो. बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घेणारे त्यांचे सोवळे वडील आणि घरातली वस्तू दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे त्यांचे पती, या दोघांना त्यांनी सारख्याच खेळकरपणे रंगविले आहे. हसता हसता त्या सर्व काही सांगून जातात.

या आत्मकथनांच्या बरोबरीने एक कादंबरी वाचावी : हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून ती 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि १८९३ मध्ये पूर्ण झाली. अण्णांचा पुनर्विवाह त्याच वर्षीचा. एका बाजूला पुण्यातल्या घराघरांत यमूच्या दुःखावर डोळे पुसले जात होते आणि दुसऱ्या बाजूला तशाच एका यमूशी खरोखर विवाह करणाऱ्याला वाळीत टाकले जात होते. वाचून रडणे आणि वागणे यांतले हे अंतर मराठी माणसाला नवे नाही.

कादंबरी यमूने स्वतः सांगितली आहे. पंचविशीतल्या एका पुरुषाने स्त्रीच्या तोंडून इतकी दीर्घ कथा सांगावी आणि ती कोठेही उसनी वाटू नये, हे हरिभाऊंचे सामर्थ्य. मुंबईच्या बिऱ्हाडातले ते मोजके सुखाचे दिवस, मित्रांच्या जोडप्यांसह थाटलेला मोकळा संसार, नंतर रघुनाथरावांचा मृत्यू आणि शंकरमामंजींनी जुलमाने करविलेले वपन. असा काळीज पिळवटून टाकणारा उतार मराठी कादंबरीत दुसरा क्वचितच असेल. तरीही 'माझे पुराण' वाचल्यानंतर या कादंबरीकडे परतणाऱ्याला एक उणीव जाणवते. यमू सहन करते, रडते, आठवते. ती कोणावर खेकसत नाही, पैशाचा हिशेब मांडत नाही. बाया हे सारे करतात. करुणेने पाहणारा लेखक आपल्या नायिकेला निष्कलंक ठेवतो. खऱ्या माणसाला ती सवलत नसते, आणि म्हणून ते अधिक जवळचे वाटते.

हिंगण्याच्याच संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे यांनी 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ मध्ये आणि 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी १९३४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले! शिकलेली, मिळवती झालेली आणि त्या मिळकतीमुळेच घराला अविवाहित हवी असलेली मुलगी प्रथमच साहित्यात बोलू लागली होती. आश्रमाने ज्यांना उभे केले त्यांचे पुढे काय झाले, या प्रश्नाचे ते पहिले उत्तर होय. वादळ उठविणाऱ्यांनी पुस्तकातील प्रश्नापेक्षा लेखिकेचे खरे नाव शोधण्यातच अधिक शक्ती खर्च केली.

अलीकडच्या काळातील दोन पुस्तकांचा उल्लेख आवश्यक आहे. सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आले आणि लाडक्या साहित्यिकाच्या घरातले असे का लिहावे, यावर घरोघर चर्चा झाल्या. बहुतेकांना राग आला तो त्यांनी काय लिहिले याचा नव्हता; त्यांनी लिहिले याचाच होता. दुसरे पुस्तक साधनाताई आमटे यांचे 'समिधा'.

नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या सोवळ्यातल्या घरातली इंदू १९४६ मध्ये मुरलीधर आमटे यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि बघता बघता वरोऱ्याच्या श्रमाश्रमात, व तेथून आनंदवनाच्या माळावर येऊन पोहोचली. १९५१ मध्ये तेथे काय होते? दगडधोंडे, झुडपे, विंचू, साप. सहा कुष्ठरुग्ण, खिशात चौदा रुपये, एक लंगडी गाय, आणि पदरात विकास व प्रकाश ही दोन लहान मुले. बाबांचे साहस आपण सारे जाणतो. महारोग या शब्दानेच माणसे दार लावून घेत, त्या काळात ज्या आईने आपली तान्ही मुले त्या माळावर वाढविली, तिच्या साहसाला आपल्याकडे वेगळा शब्दच नाही. आपण त्यालाही 'साथ' म्हणतो. पुस्तकाचे नाव साधनाताईंच्या स्वभावाला साजेसे आहे. यज्ञ पाहणाऱ्यांना ज्वाळा दिसतात, समिधा दिसत नाहीत. मात्र या पुस्तकात कडवटपणा शोधू गेलेल्याची निराशा होईल. पतीच्या तापट, झपाटलेल्या स्वभावाविषयी त्या सांगतात ते एखाद्या हट्टी मुलाविषयी बोलावे तसे. बाया आणि साधनाताई यांच्यात अर्ध्या शतकाहून अधिक अंतर आहे. बायांनी भांडून जे मिळविले नाही ते साधनाताईंनी न भांडता मिळविले, असे म्हणावयाचा मोह होतो. पण तो टाळावा. दोघींच्या नशिबी आलेली माणसे निराळी होती आणि काळही निराळा होता.

अशी पुस्तके लिहू नयेत, त्यांनी मोठ्या माणसांची प्रतिमा डागाळते, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. घरातली धुणी चव्हाट्यावर धुऊन प्रसिद्धी मिळविणारी आत्मचरित्रेही मराठीत निघाली आहेत. परंतु 'माझे पुराण' वाचून महर्षींविषयीचा आदर तसूभरही कमी झाल्याचे उदाहरण शोधून सापडणार नाही. उलट एकशे चार वर्षे जगलेल्या त्या कृश माणसाने काय काय बाजूला ठेवले होते हे कळल्यावरच तो पुतळा न राहता माणूस होतो. तरुण कार्यकर्त्याला पुतळ्याचे अनुकरण करता येत नाही. आणि घरच्या माणसाला न विचारता घरची ठेव कामाला वाहून टाकण्यापूर्वी त्याने क्षणभर थांबावे, एवढे भान त्याला या पुस्तकाने दिले तर ते काय थोडे झाले?

आपल्या आसपास नजर टाकावी. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात नाना पक्षांचे, संघटनांचे कार्यकर्ते महिनोन् महिने स्थानबद्ध होते. तुरुंगातल्या दिवसांवर पुष्कळ लिहिले गेले. तेथे झालेली बौद्धिके, मैत्री, वादविवाद, सुटकेचा दिवस, सारे छापले गेले. पण त्या महिन्यांत घरभाडे कोणी भरले, वाणी उधारीवर देईनासा झाला तेव्हा काय केले, मुलाने शाळेत 'वडील कोठे असतात' या प्रश्नाला काय उत्तर दिले, हे त्या घरच्या बाईलाच ठाऊक आहे. त्या वेळी तिशीत असलेली ती आज ऐंशीच्या आसपास आहे. तिच्याजवळ कोणी वही घेऊन बसले आहे काय? कावेरीबाईंनी सासूबाईंच्या आठवणी वेळेवर सावरल्या नसत्या तर 'माझे पुराण' हे पुस्तक आपल्या हाती कसे आले असते?

वेळ निघून गेल्याचीही उदाहरणे आहेत. बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. धाकट्या दिराने लंडनहून येसूवहिनींच्या सांत्वनासाठी कविता लिहून पाठविली. 'सांत्वन' हेच तिचे नाव, आणि ती आजही घरोघर म्हटली जाते. नाशिकच्या त्या घरात पुढची वर्षे कशी गेली असतील? झडत्या झाल्या, माणसे पांगली, ओळखीचे लोक रस्ता बदलून जाऊ लागले. पतीची सुटका होण्यापूर्वीच वहिनी गेल्या. 'माझी जन्मठेप' आपल्या कपाटात आहे आणि असायलाच हवी. तिच्या शेजारी येसूवहिनींच्या आठवणींचे पुस्तक नाही.